पहिली खेप बांधाची

पुंडलिक मोकल जुनी गाडी विकत घ्यायला गेला की तो मालकाकडे बघायचा नाही आणि इंजिनाकडेही बघायचा नाही. सरळ गाडीखाली शिरायचा, चासीच्या आतल्या अंगाला, जिथं कुणाचा फडका पोचत नाही तिथं, बोट फिरवायचा आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत ते बोट चाटायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला शिसारी यायची. दलाल एकमेकांना डोळे मारायचे. पुंडलिक मात्र ती धूळ जिभेवर घोळवत शांत उभा राहायचा, थुंकायचा, आणि मग एक तर इंजिन चालू करायला सांगायचा, नाही तर एक अक्षर न बोलता चालू पडायचा. बोट खारट लागलं की ती गाडी त्याच्या लेखी मेली. वरून तिला कितीही रंग फासा, झेंडूच्या माळा घाला, पुंडलिक मागे वळून बघत नसे.

हे वेड त्याला कुठून लागलं ते त्याचं गाव बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि गाव बघायची आता सोय राहिलेली नाही. पेणहून खाडीच्या अंगाला उतरत गेलं की खारेपाटातली जी गावं लागतात त्यांतलंच ते एक होतं. एका हाताला भाताची शेतं, दुसऱ्या हाताला मिठागरं, आणि शेतं नि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा येऊन त्या बांधाला टेकायचं आणि मुकाट परत जायचं. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बांध फुटला की त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणायचे. खांड गेली अशी हाळी आली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघालंच पाहिजे, मग घरात लग्न असो की सुतक. कारण खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची तीन-चार वर्षं तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही.

पुंडलिकचे आईबाप तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, ठमाबाईनं. ऐन विशीत ती कपाळ पुसून माहेरी परत आली होती. मिठागरावर मीठ ओढायचं, बांधालगतचा बापाचा तुकडा लावायचा आणि या भावाला मोठं करायचं, यात तिची उमर गेली. मिठात राबणाऱ्यांच्या पायांना ज्या भेगा पडतात त्या मेल्यावरही भरत नाहीत. ठमाबाई जेवायला बसली की पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची, आणि पुंडलिकला ते दिसायचं. आपल्या माणसांना मिठात पाय घालावे लागू नयेत, आणि तरीही त्यांना गाव सोडून जावं लागू नये, एवढं एकच मागणं तो जन्मभर मागत राहिला. देवाकडे मागितलं असतं तर निदान दोष देवाला देता आला असता. हा गृहस्थ गाड्यांकडे मागत बसला.

पेणच्या एका मीठवाल्याच्या लॉरीवर तो आधी हमाल म्हणून चढला आणि मग तिथंच ड्रायव्हर झाला. त्या मीठवाल्याच्या गाड्या बाहेरून ठणठणीत आणि आतून मिठानं गंजून पापड झालेल्या. एकदा वडखळच्या अलीकडे भरल्या गाडीचा हौदा मोडून रस्त्यावर बसला, पोती फुटली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी पदरात, टोपीत भरभरून मीठ घरी नेलं. मालक ड्रायव्हरवर ओरडला. पुंडलिक गाडीखाली वाकून बघत होता, आणि बाकीचे लोखंड डोळ्यांनी बघतात तसं बघून भागायचं नाही, एवढं त्याला तेव्हा कळलं. म्हणून स्वतःची पहिली गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा तो घाट चढून थेट सासवडच्या बाजूला गेला. तिकडच्या गाडीनं समुद्राचा वारा खाल्लेला नसतो. गाडी जुनीच होती, सहा टायरची, अंगानं हलकी; पण बोट चाटलं तर नुसती माती लागली.

त्या गाडीचे त्यानं केलेले लाड गावात चेष्टेचा विषय झाले. मीठ भरण्याआधी हौद्यात पेंढा, पेंढ्यावर ताडपत्री, आणि रोज संध्याकाळी पेणच्या विहिरीवर गोड्या पाण्यानं आंघोळ. खारेपाटात माणसांना प्यायला गोडं पाणी मैलभर चालून आणावं लागायचं, तिथं हा गाडीला न्हाऊ घालतो, म्हणून बायका त्याच्या बायकोला, पुतळीला, पाणवठ्यावर चिडवायच्या. पुतळी फणकाऱ्यानं सांगायची की सवत निदान दिवसभर घराबाहेर तरी असते. श्रावणात पेणचे गणपती मुंबईला न्यायचे असले की मात्र पुंडलिक स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत जायचा आणि मग मागे वळून मूर्तीला हात जोडायचा.

ती पहिली गाडी गावात आली त्या दिवशी कान्हूदादा पुढे आले. गावात पाच माणसं बसली की शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांनी आठवण दिली की आपल्याकडे कुणी नवी बैलगाडी केली, नवी होडी केली, की तिची पहिली खेप बांधाची असते. खेप म्हणजे माती आणि डबर, आणि तीसुद्धा बांधाच्या जिथं अंग हललेलं दिसेल तिथं टाकायची. नव्या वस्तूनं आधी गावाला टेकू द्यायचा, मग मालकाला कमवून द्यायचं. पुंडलिकला हे सांगायला लागलं याचीच त्याला लाज वाटली. गाडी भरली, बांधावर मागे मागे घेत नेली, दोन्ही बाजूंनी माणसं हात लावून चालली, ठमाबाईनं चाकापुढे नारळ फोडला. पुढे दुसरी गाडी आली, तिसरी आली. दोन्हींची पहिली खेप बांधावरच पडली. पावसाळ्याआधी बांधाला माती घालायचं कामही या गाड्याच करू लागल्या. मग कुणाला बैल पोसायचा सोस राहिला नाही आणि गावातल्या बैलगाड्या एकेक करून मोडीत निघाल्या. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

ऐंशी साल उलटलं आणि मिठागरं बसायला लागली. मिठाला गिऱ्हाईक नाही, मालकांना आस्था नाही. आधी एका मिठागराची दारं बंद झाली, मग शेजारचं. तरणी पोरं मुंबईला, ठाण्याला गेली ती गणपती-शिमग्याला पाहुणी येऊ लागली. कान्हूदादांचे दोन्ही मुलगे गेले. ठमाबाई म्हणायची की आमच्या आळीत आता कुत्रं भुंकलं तर बाहेर येऊन बघणारं माणूस उरलं नाही. पुंडलिकच्या गाड्यांनाही काम नव्हतं. एके दिवशी देवळात सगळे बसलेले असताना त्याला काय स्फुरण चढलं कोण जाणे, तो उभा राहून बोलून गेला, "माजी चाकं फिरतान तवर या गावातल्या कुनाच्या दाराला कुलूप लागाचं नाय." लोकांनी माना डोलावल्या. ठमाबाई मागे बायकांत बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि त्या क्षणापासून पुंडलिक त्या वाक्याला बांधला गेला.

रस्ता दाखवला सखानं. सखा त्याच्या दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर, रोह्याकडचा, आतल्या गावातल्या भातशेतकऱ्याचा मुलगा. बोलायला सावकाश, चालवायला त्याहून सावकाश, पण त्याच्या हातून गाडीला कधी ओरखडा गेला नव्हता. त्यानं बातमी आणली की धाटावच्या एका कंपनीला मुंबईहून माल आणायला कायमचा गाडीवाला हवा आहे. बारमाही काम. ड्रायव्हर, क्लीनर, चढ-उतार करणारे, सगळी माणसं आपली लावता येतील. अट एकच होती, कंपनीला मोठ्या आणि नव्या गाड्या हव्या होत्या. पुंडलिक दुसऱ्याच दिवशी धाटावला गेला, साहेबांना भेटला आणि परतताना सखाच्या ओट्यावर बसून त्यानं आपला बेत सांगितला. जुन्या तिन्ही गाड्या देऊन टाकायच्या आणि दोन नव्या घ्यायच्या, दहा टायरच्या. तेव्हा या भागात दहा टायरची गाडी फारशी कुणाकडे नव्हती.

सखानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "दादा, मोठी एकच घे. जुन्यातली एक ऱ्हाऊ दे. कंपनीचा माल येगला, न् आपलं गाव येगलं."

पुंडलिकला ते पटलं नाही असं नाही. पण एका गाडीवर कंपनी काम देणार नाही, दोन हव्यात असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि जुनी गाडी हातची राखली तर दुसरी नवी येत नव्हती. शिवाय ज्या माणसानं भर देवळात गावाला शब्द दिला त्याला एक पाऊल मागे ठेवून चालणं कमीपणाचं वाटतं. त्यानं सखाला समजावलं की दोन दगडांवर पाय ठेवायची ही वेळ नाही.

गाड्या निवडायला पुंडलिकनं सगळा पावसाळा घालवला. पनवेलच्या पुढच्या विक्रेत्याकडे तो इतक्या वेळा गेला की तिथला टाय लावलेला पोरगा त्याला लांबून बघूनच चहा सांगायचा. कोऱ्या करकरीत गाडीखाली शिरून याने तिथंही बोट चाटलं आणि त्या पोरानं चहाचा कप खाली ठेवून दिला. स्प्रिंगला पाटे किती, दांडे कसे, ब्रेकला हवा किती वेळात धरते, भिसे खिंडीच्या चढावर भरली गाडी कुठल्या गिअरला मागे येईल, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. मागच्या आठ टायरांबद्दल त्यानं विचारलं तेव्हा पोरानं हसून सांगितलं की वजन सगळ्या टायरांवर वाटलं जातं, म्हणून तर एवढे टायर. पुंडलिकला हे फार आवडलं. चार महिने घोळवून, पारखून, कुणाच्याही भिडेला न पडता त्यानं गाड्या घेतल्या. त्या निवडीत खोट काढायला आजही कुणी पुढे येणार नाही, आणि हेच या गोष्टीतलं सगळ्यात वाईट आहे.

जुन्या गाड्या विक्रेत्याकडे जाण्याआधी कान्हूदादांनी विचारलं होतं की बांधाच्या कामाचं काय. पुंडलिकनं त्यांना त्या पोराचंच बोलणं ऐकवलं. दहा पायांवर भार वाटला जाईल, दादा, आणि जुन्या तीन गाड्यांची माती ही एका खेपेला टाकील. कान्हूदादांना पटलं. सगळ्या गावाला पटलं. चाळीस वर्षं बांधावर घमेली वाहिलेल्या माणसांना पटलं. आपण बांधावर आजवर काय काय चढवलं नाही, असं जो तो म्हणाला.

दसऱ्याला दोन्ही गाड्या गावात आल्या. पोरं मडगार्डवर लोंबकळली, म्हाताऱ्यांनी टायरांना हात लावून बघितले, आपट्याची पानं बॉनेटवर पडली. शेतात भात पोटरीतून बाहेर येऊन कणसं भरत होती. ठमाबाईचा तुकडा सगळ्यांत उजवा दिसत होता. दुसऱ्या दिवशी पहिली खेप. उघाडीजवळ, म्हणजे पावसाचं पाणी शेतातून खाडीत सोडायचं जे लाकडी दार असतं त्याच्या बाजूला, खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि भरतीला तिथली माती ओली दिसायची. तिथंच डबर टाकायचं ठरलं. सखानं एकदाच सुचवलं की गाडी अर्धीच भरू या. कान्हूदादा म्हणाले, "पयली खेप अर्दी नसते." असं सांगितल्यावर पुंडलिकनं सखाकडे बघायचं टाळलं आणि गाडी शिगोशीग भरून घेतली.

पाणी ओहोटीचं होतं, भांगाचे दिवस, म्हणजे भरतीलाही फारसा जोर नाही. गाडी पुंडलिक चालवत होता, मागे सखा हाताने खुणा करत होता. निम्मी वाट सगळं बिनबोभाट झालं. उघाडीजवळ आल्यावर सखानं हात वर केला, आणि तेवढ्यात मागची चाकं खाली गेली. आवाज झाला नाही. ओल्या भाताचा मुटका मुठीत दाबावा तसा बांध दोन्ही अंगांनी दबून फुगला आणि सरकला. गाडीचं मागचं धूड खाडीच्या बाजूला वळलं, डबर घसरून चिखलात गेलं, आणि तोंड वर करून गाडी बांधाच्या पोटात आडवीतिडवी रुतून बसली. पुंडलिक दार उघडून उडी मारून बाहेर आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोकांना इतकं हायसं वाटलं की दोघंतिघं चक्क हसले. नारळ ठमाबाईच्या हातातच राहिला होता.

संध्याकाळच्या भरतीला गाडीच्या चाकांमधून हाताएवढी एक धार शेताकडे आली. ती बघितल्यावर मग कुणी हसलं नाही.

त्यानंतरचे दिवस गावानं कसे काढले ते सांगायला बसलं तर जीभ जड होते. दसऱ्यानंतर कोजागिरी. पौर्णिमेला उधाण. प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा वर चढणार हे पोराबाळांनाही कळत होतं. खांड बुजवायची तर आधी गाडी निघायला हवी. ती खांडीतच बसली होती आणि पाणी तिच्याभोवती गरगरत माती खात होतं. दुसऱ्या गाडीला साखळ्या लावून ओढून पाहिलं. पण ती कठीण रस्त्यावर उभी केली तर साखळी पोचेना आणि पुढे आणली तर तिच्याखालीही बांधाला तडा जायला लागला. तेव्हा तिला हात जोडून परत मागे घेतली. पेणहून सरकारी साहेबलोक येऊन पाहून गेले. दगड पाठवतो म्हणाले आणि खरोखर पाठवले. ते दगड रस्त्यावर उतरले, आणि तिथून बांधापर्यंत न्यायला गावात एक हलकी गाडी नव्हती, एक बैलगाडी नव्हती. मग बायका, म्हातारे, जे कुणी उरले होते ते डोक्यावरून दगड नेऊ लागले. ज्या खांद्यांनी हे काम एका रात्रीत उरकलं असतं ते मुंबईत, ठाण्यात होते.

त्या खचत्या बांधावर आपली गाडी घालायला पेणमधला कुणी भाडेवाला तयार होईना, तेव्हा पुंडलिक आपल्या जुन्या गाड्या शोधायला बाहेर पडला. पनवेलला कळलं की त्यातल्या दोन गाड्या घाटापलीकडे गेल्या, कुठं ते ठाऊक नाही. तिसरी रामवाडीच्या एका गॅरेजात होती. तो धावत तिथं गेला. त्याची ती सासवडची पहिली गाडी मागच्या बाजूला उभी होती, पण तिचं इंजिन काढून फरशीवर मांडलेलं होतं आणि पिस्टन रॉकेलच्या डब्यात पडलेले. मिस्त्री भला माणूस होता. तो म्हणाला की रात्रंदिवस बसलो तरी आठवड्याशिवाय ही उभी राहायची नाही. पुंडलिकनं त्याचे पाय धरले. मिस्त्रीनं त्याला उठवलं, पाणी दिलं, पण आठवड्याचा दिवस काही केला नाही.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी उधाण आलं. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, आभाळात ढग नव्हता. पाणी आरडाओरडा न करता आलं. गाडीच्या दोन्ही अंगांनी बांध आधी वितळला, मग एकदम बसला, आणि खाडी शेतात शिरली. कणसं धरलेलं भात आधी हललं, मग वाकलं, मग दिसेनासं झालं. लोक बांधावर उभे होते. खाली उतरून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठमाबाई मात्र आपल्या तुकड्यात गुडघाभर पाण्यात विळा घेऊन ओंब्या कापत होती, हिरव्या, अजून दूधही धड न भरलेल्या, आणि ओटीत टाकत होती. पुंडलिक पाण्यात उतरून तिच्यापर्यंत गेला आणि तिचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला आणि आणखी दोन मुठी कापल्या. मग स्वतःच बाहेर आली.

गावानं पुढची दोन वर्षं झुंज दिली. खांड एकदा बुजवली, पावसाळ्यात ती परत गेली. दुसऱ्यांदा बुजवली, त्या वेळी शेजारून नवी गेली. शेतात गाळ बसला, गाळात तिवरं उगवली. रुतलेली गाडी क्रेनने निघाली तेव्हा तिचे पत्रे सालीसारखे सुटत होते. ती भंगारात गेली. पुंडलिक ती बघायला गेला नाही. दुसऱ्या गाडीला कंपनीनं काम दिलं. साहेबांना दया आली म्हणा, किंवा त्यांना गाडीच तेवढी पसंत पडली म्हणा. ती मुंबई-रोहा अशी वर्षानुवर्षं फिरली. भिसे खिंडीच्या चढावर कधी दमली नाही आणि वाटेत कधी बंद पडली नाही.

लोकांनी त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो पुतळीला म्हणायचा. कुणी घातल्या नाहीत. खेप शिगोशीग भरायला कान्हूदादांनी सांगितलं होतं, माना सगळ्यांनी डोलावल्या होत्या, आणि सगळ्यांचा मिळून झालेला गुन्हा कुणा एकाच्या पदरात टाकावा असली त्या माणसांची रीत नव्हती. सखा तेवढा कधीमधी त्याच्याशेजारी बसून तंबाखू मळायचा आणि उठून जायचा. आपण त्या दिवशी आणखी एकदा सांगायला हवं होतं, हे त्याच्या मनातून गेलं नाही. पुतळी नवऱ्याला समजावून समजावून थकली, मग तिनं तो विषय सोडला.

मग घरं उठायला लागली. कुणी रोह्याजवळ वरश्याला जागा बघितली, कारण तिथून कंपनी जवळ आणि पुंडलिकच्या गाडीवर काम मिळत होतं. कुणी रामवाडीला गेलं, कुणी कासूला नातेवाइकांच्या आश्रयाला. जो तो पुंडलिककडे यायचा, खाली बघत विचारायचा की गाडी कधी मोकळी आहे. रविवारी कंपनीला सुट्टी असायची. रविवारी पुंडलिक गाडी घेऊन गावच्या रस्त्यावर उभा राहायचा आणि सामान भरून द्यायचा. भाडं घ्यायचा नाही, आणि कुणी देऊ केलं तर मान फिरवायचा. पत्रे, वासे, माठ, पाटा-वरवंटा, देव. दारांना कुलपं लावायला कुणी थांबलं नाही. लोकांनी दारंच बिजागऱ्यांतून काढली आणि गाडीत घातली. कान्हूदादांना त्यांची मुलगी वरश्याला घेऊन गेली. ते तिथं सहा महिने ओट्यावर बसून राहिले आणि पावसाळ्याच्या तोंडावर गेले.

ठमाबाई सगळ्यांत शेवटी राहिली. पुंडलिकनंही बिऱ्हाड वरश्याला हलवलं होतं; भावाच्या घरी ये म्हणून तिला किती वेळा सांगितलं. पुतळी स्वतः दोनदा जाऊन आली. ठमाबाई म्हणायची की अजून मैलावरच्या विहिरीला गोडं पाणी आहे, मग ती विहीरही खारी झाली तेव्हा म्हणायची की अजून छप्पर आहे. पुढच्या उधाणाला पाणी उंबऱ्याशी आलं. मग एका रविवारी सकाळी पुंडलिक आणि सखा तिचं सामान भरायला गेले. सामान काय असणार, चार पितळी भांडी, जातं, एक पेटी, लाकडाचं कपाट नि उतरंडीची मडकी. सखानं सगळं पेंढा घालून हौद्यात लावलं आणि मागेच बसला. ठमाबाई पुढे पुंडलिकच्या शेजारी बसली. तिनं पाय सीटखाली ओढून घेतले. गाव मागे पडताना तिनं वळून बघितलं नाही.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. वाटेत रस्ता खणलेला होता, गाडी मोठमोठ्या खड्ड्यांतून गेली. ठमाबाई मागे कान देऊन बसली आहे हे पुंडलिकच्या उशिरा लक्षात आलं. भिसे खिंडीचा चढ सुरू झाला, त्यानं गिअर बदलला, आणि ती म्हणाली, "गारी बेस घेतलीस रं, पुंडलिक. येक भांडं वाजत नाय."

ती हे मनापासून बोलत होती. टोमणा मारणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. लहानपणी त्यानं पहिलीत पाटी भरून अक्षरं काढली तेव्हा ती ज्या आवाजात बोलली होती त्याच आवाजात ती आता बोलली. पुंडलिकला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. तो व्हय म्हणाला आणि गाडी चढावर चढवत राहिला.